टेक्सासमध्ये बेटो ओ'रूर्कमागे एवढे सामान्य लोक उभे राहिले, तरी तो हरलाच ना? मग अशा घरोघरी फिरण्याला काय अर्थ?

"हरलाच ना शेवटी?" हे वाक्य मी 6 नोव्हेंबर 2018 च्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. माझ्या थोरल्या दिरांचा फोन होता. तुमच्या प्रश्नात तेच शब्द दिसले, म्हणून लिहायला बसले.

हो, हरला. अमेरिकी संसदेचं वरिष्ठ सभागृह म्हणजे सिनेट, तिथल्या टेक्सासच्या जागेसाठी तो डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभा होता, समोर रिपब्लिकन टेड क्रूझ. क्रूझ 50.9 टक्के, बेटो 48.3. सुमारे 84 लाख मतांत फरक 2 लाख 15 हजारांचा. हेच क्रूझ 2012 मध्ये 16 टक्क्यांनी निवडून आले होते, आणि 1994 नंतर डेमोक्रॅटिक पक्षाने टेक्सासात राज्यपातळीवरची एकही जागा जिंकलेली नव्हती. बेटो राज्याच्या सगळ्या 254 काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग, फिरला. कंपन्यांच्या आणि हितसंबंधी गटांच्या राजकीय समित्यांकडून त्याने पैसे घेतले नाहीत, तरी लोकांच्या देणग्यांतून तीन महिन्यांत 3 कोटी 80 लाख डॉलर जमले. तेव्हा "सगळा पैशांचा खेळ" म्हणणाऱ्यांनी हेही बघावं, की क्रूझपेक्षा जास्त पैसे जमवूनसुद्धा तो हरला.

आता माझं सांगते. आम्ही ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहतो, फोर्ट बेंड काउंटीत. मी 2016 मध्ये नागरिक झाले. दोन वर्षांनी काउंटीकडून मतदार नोंदणीचं प्रशिक्षण घेतलं, कारण टेक्सासात त्याशिवाय दुसऱ्याचा भरलेला फॉर्म तुम्ही गोळा करू शकत नाही. त्या वर्षी गणपती 13 सप्टेंबरला होते. भाऊजींच्या घरी आरती झाली, प्रसाद झाला, आणि नुकतीच नागरिक झालेली दोन जोडपी समोर बसलेली बघून मी पर्समधून फॉर्म काढले. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "देवापुढे राजकारण नको. आणि यांच्या निवडणुकीशी आपल्याला काय करायचंय? आपण नोकरी करावी, मुलं शिकवावीत."

मी फॉर्म परत ठेवले. नव्या सुनेसारखी गप्प बसले, वय वर्षं 41. त्याचा राग अजून गेलेला नाही. निघताना ड्राइव्हवेवर त्यातली एक बाई मागे आली आणि हळूच म्हणाली, "ताई, दोन फॉर्म द्या ना." गाडीच्या बॉनेटवर ठेवून दोघांनी भरले.

माझे वडील मिरज तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मतदारांच्या स्लिपा वाटायचे. रात्री जेवण झालं की यादी उघडून नावापुढे खुणा करायचे: आपला, त्यांचा, कुंपणावरचा. बेटोच्या कार्यालयात मला फोनवर ॲप उघडून दिलं, तेव्हा त्यात घरांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का त्यांचा. मला कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी माझ्या यादीत एक मराठी आडनाव आलं. वय 74. नोंदणी झालेली, मतदान एकदाही नाही. दार आजोबांनीच उघडलं. "येस?" म्हणाले. मी मराठीत बोलले तर आत बसवलं, चहा टाकला. माझी चाळीस दारं बाकी होती, पण उठवेना. मूळचे साताऱ्याचे, नऊ वर्षांपूर्वी नागरिक झालेले. मत का दिलं नाही विचारलं, तर म्हणाले, "माझं लायसन्स संपलंय. पासपोर्ट मुलाच्या बँकेच्या लॉकरमध्ये. मुलगा म्हणतो आत घेणार नाहीत."

मुलगा चुकत होता. सत्तरी ओलांडलेल्या मतदाराचं ओळखपत्र मुदत संपलेलं असलं तरी टेक्सासात चालतं. घरबसल्या टपालानेही मत देता येतं, पासष्टच्या पुढे कारण विचारत नाहीत. हे सांगितल्यावर ते बराच वेळ लायसन्सकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टपालाने नको. मी जाईन." म्हणजे इतकी वर्षं या माणसाला जायचं होतं, आणि अडलं होतं ते एका चुकीच्या माहितीवर. ती माहिती कुठल्या टीव्हीवरच्या जाहिरातीने दुरुस्त केली असती?

22 ऑक्टोबरला, निवडणुकीच्या दिवसाआधी करता येणारं मतदान सुरू झालं, त्याच आठवड्यात मी त्यांना गाडीतून ग्रंथालयात घेऊन गेले. केंद्राच्या दारापासून शंभर फुटांच्या आत प्रचाराचं काही अंगावर चालत नाही. मी बेटोचा टी-शर्ट घातला होता, म्हणून गाडीतच थांबले. रांग इमारतीबाहेर आली होती. पाऊण तासाने ते आले आणि डाव्या हाताची तर्जनी पुढे करून म्हणाले, "शाई लावत नाहीत?" स्टिकर देतात म्हटलं तर तो त्यांनी खिशातून काढून दाखवला. फाटू नये म्हणून घडी न करता चष्म्याच्या केसमध्ये ठेवला होता. मत कोणाला दिलं ते मी विचारलं नाही.

तेव्हा माझ्यापुरतं उत्तर आहे: अर्थ आहे. त्याच निवडणुकीत ह्यूस्टनमधून लिझी फ्लेचर आणि डॅलसमधून कॉलिन ऑलरेड यांनी रिपब्लिकन खासदारांना हरवलं. राज्याच्या विधानसभेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या 12 जागा वाढल्या. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत किरकोळ गुन्ह्यांचे खटले चालवणारे न्यायाधीश (तिथे तेही मतांनीच निवडतात) बदलले आणि पुढच्याच वर्षी, पैसे नाहीत म्हणून माणसं कोठडीत ठेवणारी जामिनाची पद्धत तडजोडीने बदलली. आमच्या मतदारसंघात श्री प्रेस्टन कुलकर्णी ("श्री" हे त्यांचं नावच) उभे होते. ते साधारण पाच टक्क्यांनी हरले, पण लोकांना त्यांच्याच भाषेत फोन करायची त्यांच्या प्रचाराची रीत मी तिथे शिकले. मराठीतून मत मागणारा फोन अमेरिकेत येतो, यावर माझ्या सासूबाईंचा विश्वास बसेना.

कधी कधी आव्हान देणारा जिंकतोही. 1990 मध्ये मिनेसोटात पॉल वेलस्टोन हिरव्या बसमधून फिरला आणि कितीतरी जास्त पैसा असलेल्या सिनेटरला त्याने पाडलं. जानेवारी 2021 मध्ये जॉर्जिया राज्यात जॉन ऑसॉफ सुमारे 55 हजार मतांनी सिनेटवर निवडून आला, आणि त्यामागे तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं केलेली मतदार नोंदणी होती.

एक गोष्ट मात्र मान्य करते. 2018 मध्ये टेक्सासात एक बटण दाबून सगळ्या पक्षाला मत देता येत असे, ते 2020 पासून बंद झालं. विधानसभा, न्यायाधीश अशा मतपत्रिकेवरच्या खालच्या जागांचं श्रेय काही प्रमाणात त्या बटणाचंही आहे. आणि बेटो 2022 मध्ये गव्हर्नरपदाला उभा राहिला तेव्हा जवळजवळ 11 टक्क्यांनी हरला. तेव्हाही मी फिरले होते.

तुम्ही इथे व्हिसावर असाल तर देणगी देऊ नका, तो गुन्हा आहे. विनामोबदला दारोदार फिरायला हरकत नाही. नागरिक असाल तर निवडणुकीच्या तीस दिवस आधी नोंदणी संपते, तेवढं बघा. आणि घरातले वडीलधारे "आपल्याला काय करायचंय" म्हणाले तर माझ्यासारखे फॉर्म परत पर्समध्ये ठेवू नका.

भाऊजी, तुम्ही इथली उत्तरं वाचता हे मला माहीत आहे. कोणी मत कोणाला दिलं हे गुप्त असतं, पण मत दिलं की नाही हे टेक्सासात गुप्त नसतं. त्या ऑक्टोबरमध्ये तुमची गल्लीही माझ्या यादीत होती. तुम्ही 2004 पासून नागरिक आहात आणि तुमच्या नावापुढे एकही मतदान नव्हतं. मी तुमच्या दाराची बेल वाजवली नाही, पुढच्या घरी गेले. ती वाजवायला हवी होती.