तिनं विचारणं थांबवलंय, ते आधी बघा

'तालुक्याच्या गावी माझा 35 वर्षांचा दवाखाना आहे. पाच महिन्यांपूर्वी एक तरुण एमबीबीएस डॉक्टर माझ्या हाताखाली काम करायला आली. हुशार आहे, पण एकेका पेशंटला वीस मिनिटं लावायची आणि दर तिसऱ्या पेशंटसाठी माझ्या खोलीत यायची. मागच्या महिन्यात ओपीडी तुडुंब असताना पोटात जळजळतंय म्हणणाऱ्या, शुगर असलेल्या एका आजोबांचा तिनं ईसीजी काढला. नॉर्मल आला. "कॉलेजात एवढंही शिकवलं नाही का?" असं मी सगळ्यांदेखत बोललो. कंपाउंडर हसला. तेव्हापासून ती काहीच विचारत नाही. पेशंटही "मोठ्या डॉक्टरांनाच दाखवायचंय" म्हणतात. माझा मुलगा पुण्यात रेडिओलॉजिस्ट आहे, तो परतायचा नाही. दवाखाना हिच्याकडे सोपवावा असं मनात होतं. आता काय करू?'
– एक जुना डॉक्टर

डॉक्टर, नमस्कार.

आधी त्या ईसीजीचं बोलू. तिनं बरोबर केलं. मधुमेही म्हाताऱ्या माणसाला हृदयाचा त्रास होतो तेव्हा छातीत कळ येतेच असं नाही. कधी नुसती जळजळ, कधी मळमळ, कधी घाम. हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून आपण सुटलो असंही नाही. 'मग आजोबांना परत कधी बोलावलंस?' हा त्या वेळी विचारण्याचा प्रश्न होता.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तुमचं पत्र वाचून रात्रभर तीच डोक्यात होती. मी कोकणात एका वरिष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली नवी होते. भातलावणीचे दिवस. तापानं अंग मोडून आलंय म्हणत एक गडी आला. डोळे लाल, पोटऱ्या दाबल्या की कळवळायचा. मी पॅरासिटामॉल दिलं आणि घरी पाठवलं. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, मनात आला नाही असं नाही, पण खात्री नव्हती. सर शेजारच्याच खोलीत होते. मी उठले नाही, कारण आदल्याच दिवशी ते माझ्यावर ओरडले होते. तिसऱ्या दिवशी त्या गड्याला पिवळा पडलेला, लघवी बंद झालेला असा उचलून आणला. डायलिसिसवर वाचला बिचारा. त्याच्या बायकोचा चेहरा मला आजही आठवतो.

म्हणून सांगते, तिनं विचारायचं थांबवलंय, याची काळजी तुम्ही सगळ्यात जास्त करा.

ती घाबरते यात नवल नाही. मेडिकल कॉलेजात पेशंट वॉर्डात येईपर्यंत त्याच्या आजाराला बहुतेकदा नाव मिळालेलं असतं. दवाखान्यात येतो तो 'कसंतरीच होतंय' म्हणणारा माणूस. शंभरातले बरेचसे आपोआप बरे होणारे, पण एखादा असा की चुकलं तर जिवावर बेतेल. तो एक कोणता, हे ओळखायला तिला अजून कुणी शिकवलेलंच नाही. इंग्लंडमध्ये जनरल प्रॅक्टिससाठी 3 वर्षांचं वेगळं प्रशिक्षण असतं, शिकणाऱ्याला एक ठरलेला शिक्षक असतो आणि पाहिलेल्या पेशंटबद्दल त्याच्याशी नेमानं बोलता येतं. आपल्याकडे फॅमिली मेडिसिनचा अभ्यासक्रम आहे, पण तालुक्याच्या दवाखान्यात उतरणारे बहुतेक जण नुसत्या एमबीबीएसवर उतरतात. मग तो शिक्षक तुम्हीच व्हायचं.

काय शिकवायचं? 'अजून नक्की सांगता येत नाही, परवा पुन्हा दाखवायला या' हे वाक्य न कचरता म्हणायला शिकवा. आपण ते दिवसातून दहादा म्हणतो, पण त्यामागचा हिशेब तिला दिसत नाही. डेंग्यूचंच घ्या. ताप उतरला की घरचे निश्चिंत होतात, आणि नेमके तेच दोन दिवस धोक्याचे. तेव्हा परत कधी यायचं एवढंच सांगून भागत नाही. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी कमी झाली, पेशंट गुंगीत गेला, तर रात्री दोनलाही या, हे सांगावं लागतं. हे तिनं पेशंटच्या भाषेत म्हणून दाखवावं आणि केसपेपरवर लिहावं. वीस मिनिटांची दहा आपोआप होतील. घड्याळाकडे बघून नका करायला लावू.

रोज दुपारी ओपीडी संपल्यावर चहा घेताना पंधरा मिनिटं काढा. तिनं दोन पेशंट सांगायचे, तुम्ही एक. तुमचा तो एक फसलेला असू द्या. पस्तीस वर्षांत फसलेले कमी नसतील.

पेशंटचं मात्र तुमच्या हातात आहे. गावाचा विश्वास तुमच्यावर आहे, तो तिला उसना द्यावा लागेल. 'या मॅडमनी तुम्हाला तपासलंय, औषध त्याच देतील, मला काही वेगळं सांगायचं नाही,' असं चार जणांसमोर म्हणा. आणि तिला 'नुसती एमबीबीएस' वाटत असेल, तर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल सांगा. विंचूदंशानं घामानं निथळणाऱ्या, हातपाय गार पडलेल्या पेशंटजवळ बसून डॉ. हिंमतराव बावस्कर, तेव्हा नुसते एमबीबीएसच, तिथे नोंदी करत राहिले. त्या कामातून विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार पुढे आला.

मुलाबद्दल एकच विचारते, रागावू नका. तो येणार नाही याचं दुःख तिच्यावर तर निघत नाही ना? मला तसं वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या. दवाखाना सोपवायचा विचार मात्र तिला आजच सांगू नका. आधी महिनाभर तरी तिला न भिता तुमच्या खोलीत येऊ द्या.

उद्या सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी तिला म्हणा, 'ईसीजी काढलास ते योग्य होतं, मी बोललो ते चुकलं.' तेव्हा कंपाउंडरलाही तिथे थांबवून घ्या. तो हसला होता.