कथेत मारबत प्रतीक म्हणून वापरली, तर तिचा अर्थ वाचकाला सांगावा का?

अर्थ सांगू नका, विधी मात्र नीट दाखवा. (मारबत म्हणजे नागपुरात ईडा पीडा घालवायला मिरवणुकीनं नेऊन शेवटी जाळतात तो स्त्रीरूपी पुतळा.) प्रतीक आधी कथेतली खरीखुरी गोष्ट असावी लागते. मिरवणुकीमुळे सासू-सुनेचा ऑटो नागपूरच्या इतवारीत अडकला, दवाखान्याची वेळ टळत चालली, असं काही घडलं की मारबत कथेत रुजते. मग ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळीत सासूनं सुनेकडे नुसतं पाहिलं तरी पुरे. त्यापुढे ‘तिला वाटलं, या घरातली मारबत आपणच’ असं वाक्य आलं की झालं, वाचकाचं काम तुम्हीच करून टाकलं. (पहिल्या खर्ड्यात लिहा हवं तर, दुसऱ्यात खोडा.) बडग्यांचा, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या टीकेच्या पुतळ्यांचा, मोहही आवरा, ते त्या-त्या वर्षीच्या महागाईवर नि राजकारणावर असतात, कथेला उगाच तारीख चिकटते.

फक्त एक आहे: विदर्भाबाहेरच्या वाचकाला मारबत ठाऊक असेलच असं नाही. त्याच्यासाठी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा, उल्लेख, काळी आणि पिवळी मारबत, शेवटी दहन, एवढं ओघात येऊ द्या, शक्यतो ऑटोवाल्याच्या तोंडून.