बाबांना डिमेन्शिया आहे, आईला एकटीला झेपत नाही. त्यांना निवासी केंद्रात ठेवायचं तर काय बघावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबा अजून हातानं जेवतात, आंघोळ करतात, पण वावरातून येताना वाट चुकतात, गोळ्या दोनदा घेतात, भाऊ पुण्यात आहेत आणि गावात आईशिवाय कोणी नाही. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, अशाच अवस्थेत असताना आम्ही जागा शोधली. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. त्या शोधातून एक गोष्ट मनात पक्की बसली: बाबा आज कसे आहेत ते बघून जागा ठरवू नका, आजार वाढल्यावर तिथं त्यांना ठेवून घेतील का, ते बघून ठरवा.

कारण या माणसाला जागा बदलणं फार जड जातं. घरातलं संडासाचं दार, पाण्याचा माठ, खाटेची बाजू त्यांच्या अंगवळणी पडलेली असते; नवीन जागी ते सगळं पुसलं जातं आणि काही आठवडे गोंधळ वाढतो. आता हलवलं तर नवे चेहरे, नवी वाट थोडी तरी रुजते. वर्षभरानं तिथून काढून पुन्हा दुसरीकडे नेलं, तर तेही उरत नाही.

साधे वृद्धाश्रम बहुतेक स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा: कपडे ओले व्हायला लागले, रात्री उठून चालायला लागले, घास गिळता येईना, हात उगारला, तर ठेवता की घेऊन जा म्हणता? उत्तर लेखी घ्या. डिपॉझिट परत कधी मिळतं, दरवर्षी किती वाढ, दवाखान्यात भरती करावं लागलं तर सोबत कोण थांबतं, तेही त्याच कागदावर असू द्या. आयुष्मान कार्ड भरतीच्या उपचारासाठी आहे, राहण्याच्या खर्चासाठी नाही, हे हिशोबात धरा.

जागा बघायला सकाळी जाऊ नका. सकाळी सगळीकडे आंघोळ-चहा आटोपलेला असतो, फरशी पुसलेली असते. दिवस मावळताना जा. डिमेन्शियाच्या माणसाची घालमेल बहुधा तेव्हाच वाढते. आमचे मामाजी म्हणायचे, "मले घरी जाऊ द्या, बैलं सोडाचे हायेत." बैल विकून कितीतरी वर्षं झाली होती. एका ठिकाणी अशाच एका आजोबांना बाई दटावत होती, दाराला कडी होती. दुसऱ्या ठिकाणी तिथं कामाला असलेला मुलगा म्हणाला, "चला आबाजी, कोणत्या रंगाचे हायेत बैलं?" आणि अंगणात फेरी मारून आणलं. आम्ही तीच जागा ठरवली. त्या पोराला वऱ्हाडी कळत होती, हे मला कोणत्याही सोयीपेक्षा मोलाचं वाटलं. रात्री किती माणसं जागी असतात, हेही विचारा. आणि सगळेच संध्याकाळी गुंगीत दिसले तर कोणती गोळी देतात ते विचारा. शांत करायची काही औषधं डिमेन्शियाच्या वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात. डॉक्टरांनी नीट तपासल्याशिवाय ती चालू ठेवू नयेत.

गाव जवळ की भावांचं पुणं जवळ? माझं मत, जो दर आठवड्याला जाऊ शकतो त्याच्या जवळ. विदर्भात अशी केंद्रं खेड्यात सहसा मिळत नाहीत, बहुधा नागपूरकडेच बघावं लागतं. आई तिकडे जाऊन येऊ शकत असतील तर नागपूरच.

ठरवण्याआधी निदान एकदा पक्कं करून घ्या. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर मेंदूभोवती साचलेलं रक्त यांनीही असाच विसरभोळेपणा येतो आणि त्यावर इलाज असतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येईल.

आणि कागदपत्रं, आत्ताच. सातबारा बाबांच्या नावावर असेल तर भावंडं एकत्र बसा. मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं असं गावात समजतात, पण देणाऱ्याची समज गेली की कायद्यानं ते संपतं. मृत्युपत्र करायचं असेल तर त्यांना कळतंय तोवर, डॉक्टरांच्या दाखल्यासह. बँकेचं खातं आईसोबत जोडून घ्या. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे उपचारांबाबत आपल्या वतीनं कोणी बोलावं, तेही बाबा लिहून देऊ शकतात. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं काम कोण करणार, ते ठरवा.

शक्य झालं तर आधी महिनाभर राहून बघू द्या, मे महिना टाळून. आपल्याकडच्या उन्हात तहान न सांगणारा माणूस लवकर सुकतो. सोबत त्यांची गोधडी, टोपी, रोजची वाटी द्या. एक पान लिहून द्या: त्यांना काय म्हणून हाक मारतात, काय पिकवायचे, कशानं चिडतात, चहात साखर किती. मामाजींना तुकडोजी महाराजांची भजनं पाठ होती. नातवाचं नाव आठवत नसतानाही ती ओठावर यायची, म्हणून तिथं संध्याकाळची प्रार्थना सुरू करायला लावली.

"बापाले आश्रमात टाकलं" असं गाव म्हणेल. पण रात्ररात्र जागून आईच पडल्या तर दोघांचंही करावं लागेल. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे, जिल्ह्यात काय सोय आहे ते तिथं विचारा. बाबा रात्री झोपतात का आणि एकटे बाहेर जातात का, ते इथंच लिहा. त्यावरून घाई किती आहे ते सांगता येईल.