ओहायोतल्या भाड्याच्या घरासाठी मोअर: मोठं स्टोअर की डीलर?

तुमचा प्रश्न असा की कोलंबसजवळ पाव एकराच्या प्लॉटवरचं घर भाड्याने ठरतंय, जूनमध्ये याल, तर गवत कापायचा मोअर होम डेपो किंवा लोज अशा हार्डवेअरच्या मोठ्या स्टोअरमधून घ्यावा की यंत्रं विकून दुरुस्तही करणाऱ्या डीलरकडून, आणि भारतातून काही अवजारं आणावीत का.

आधी लीज नीट वाचा. गवताची जबाबदारी घरमालकाची की तुमची, ते त्यात लिहिलेलं असतं. तुमची असेल तर टाळाटाळ चालत नाही. बऱ्याच गावांत गवताच्या उंचीला मर्यादा असते. ती ओलांडली की नोटीस येते, तरीही कापलं नाही तर गाव माणूस पाठवून कापून घेतं आणि बिल लावतं. मालकाचाच मोअर गॅरेजमध्ये पडून असतो का, हेही विचारा.

पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. घर आणि ड्राइव्हवे वजा केला की उरलेल्या गवताला २१ इंची, मागून चालत न्यायचा मोअर पुरतो. एवढ्यासाठी मी बॅटरीवरचा मोअर सुचवेन, आणि तो मोठ्या स्टोअरमधूनच. त्यात कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) नाही, इंजिन ऑइल नाही, म्हणजे डीलरच्या हाताची गरजच फारशी पडत नाही. फक्त बॅटरी बघून कंपनी निवडा, कारण पुढे ट्रिमर (कडेचं गवत कापायला) आणि ब्लोअर (पाला उडवायला) त्याच बॅटरीवर चालवायचे असतात. एकाच कंपनीतही गोंधळ होतो: रिओबीची ४० व्होल्टची बॅटरी तिच्याच १८ व्होल्टच्या यंत्राला बसत नाही. सुटी बॅटरी फार महाग पडते, म्हणून बॅटरी आणि चार्जरसकटचा सेट घ्या.

पुढे स्वतःचं घर घेतलंत आणि एकरभर जागा आली, तर मात्र माझं मत उलटं आहे: बसून चालवायचा, गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर डीलरकडूनच घ्या. रंग आणि नाव तेच असलं तरी स्टोअरमधलं मॉडेल आणि डीलरकडचं मॉडेल एकच असेल असं नाही. जॉन डिअरची १०० सिरीज दोन्हीकडे मिळते, पण एक्स ३०० पासून वरची डीलरकडेच. स्वस्त ट्रॅक्टरांत ट्रान्समिशन (इंजिनाची ताकद चाकांना देणारा भाग) बहुधा सीलबंद असतं, तेल बदलायची सोयच नसते. चढउताराच्या जागेवर ते तापून लवकर झिजतं. डीलर तेल घालून, पाती समतल करून, चालवून दाखवून यंत्र हातात देतो आणि बिघडलं तर स्वतःच्या वर्कशॉपमध्ये घेतो. स्टोअर वॉरंटीसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे पाठवतं. बऱ्याचदा ते सेंटर म्हणजे जवळचा डीलरच असतो, आणि एप्रिल-मेच्या गर्दीत तो आधी स्वतःच्या गिऱ्हाइकांची यंत्रं घेतो. वसंतात इथे गवत आठवड्यात हाताबाहेर जातं, तेव्हा हा फरक खरोखर जाणवतो. श्टील कंपनीची चेनसॉ (झाडं कापायची यांत्रिक करवत) वगैरे तर होम डेपोत मिळतच नाही, ती कंपनी डीलरांमार्फत विकते.

पेट्रोलचं यंत्र घेतलंत, कुठूनही, तर एक काळजी घ्याच. इथल्या पेट्रोलमध्ये सहसा १० टक्के इथेनॉल असतं. हिवाळाभर ते टाकीत राहिलं की कार्ब्युरेटर चिकटून बसतो. शेवटच्या कापणीला स्टॅबिलायझर घाला किंवा टाकी रिकामी करा. १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर स्वस्त दिसेल, पण लहान इंजिनात ते चालत नाही.

भारतातून विजेचं काही आणू नका. इथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ वीज आहे. खुरपं मात्र जरूर आणा, तसं इथे सहज मिळत नाही. नवं कोरं आणा, कारण माती लागलेली अवजारं कस्टम्सला चालत नाहीत, आणि ते चेक-इन बॅगेतच ठेवा.