मराठीत विचार करायला लावणारं ख्रिस्ती वाचन कुठून सुरू करू?

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रापासून, बेलाशक. पती नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, 1900 मध्ये. मधली वर्षं फार मोलाची. त्यांच्या माहेरी सोवळं इतकं कडक, की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! त्या घरातल्या मुलीच्या मनातून आधी जातिभेद गळतो आणि मग श्रद्धा येते. उपदेशाचा सूर कुठेही नाही. तुम्ही श्रद्धावान असा, शंकेखोर असा, हे पुस्तक तुम्हाला जवळ करतं. मी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचतो.

मग फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' घ्या. भाषा आजची आहे आणि टीपाही वाचा, घाई नको. एका बैठकीत एक अध्याय पुरे.

जुन्या मराठीची भीती नसेल तर फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण', 1616 मध्ये गोव्यात छापलेलं. सुरुवातीला ते मराठीला फुलांतली मोगरी, सुगंधांतली कस्तुरी म्हणतात. इंग्लंडहून आलेल्या माणसाचं हे प्रेम पाहून अजूनही भरून येतं. ओव्या मोठ्यानं म्हणा, अर्थ आपोआप उलगडत जातो.

आणि पाहायचं असेल तर 'स्मृतिचित्रे'वर विजया मेहतांनी केलेला चित्रपट आहे, पण पुस्तक आधी वाचा.