टँकर्डला पेला म्हणावं का?

वसाहतकालीन बोस्टनच्या चांदीच्या भांड्यांवरच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारलंय : टँकर्ड, कॅन, बीकर या तिन्हींना 'पेला' चालेल का? घडवणारा 'रौप्यकार' म्हणावा का? आणि बुडाशी असलेल्या खुणेला 'हॉलमार्क' म्हणता येईल ना?

सरसकट पेला नको. टँकर्डची खरी ओळख त्याच्या झाकणात आहे. ते कानाच्या वरच्या टोकाला बिजागरीने जोडलेलं असतं, अंगठ्याने खटका दाबला की उघडतं. मराठीत अशा घाटाचं भांडंच नाही, म्हणून 'टँकर्ड' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'झाकणाचा मोठा मग' एवढं सांगून टाका. कॅनला झाकण नसतं, पोट खाली फुगीर असतं. 'कॅन' लिहिलंत तर वाचकाला रॉकेलचा कॅन आठवेल, 'मग' लिहा. बीकरला कान नसतो. तो मात्र अस्सल पेला, आणि 'बीकर' ठेवलात तर थेट प्रयोगशाळेत जाल. न्यू इंग्लंडच्या (म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या अमेरिकी मुलखातल्या) चर्चमध्ये प्रभुभोजनाला असेच घरगुती घाटाचे पेले वापरत, पुष्कळदा कुणीतरी मृत्युपत्राने दिलेले. तिथे 'चषक' नको, त्याला मद्याचा किंवा क्रिकेटचा वास येतो.

'रौप्यकार' हा शब्द मी कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. सरळ 'सोनार' म्हणा. ही मंडळी चांदीच घडवत, पण स्वतःला सोनारच म्हणवत. जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन यांनी 1652 मध्ये बोस्टनची टाकसाळ चालवायला घेतली. हलचा शागीर्द जेरमाया डमर. पुढे जॉन कोनीकडे अपोलोस रिव्हॉर हा फ्रेंच पोरगा उमेदवारी करायला आला, आणि या अपोलोसचा मुलगा म्हणजे बोस्टनचा नामांकित सोनार पॉल रिव्हिअर. (रिव्हिअरने 1801 मध्ये तांब्याचे पत्रे लाटायचा कारखाना काढला. त्या प्रकरणापुरतं त्याला तांबट म्हटलंत तरी हरकत नाही.)

सर्वांत मोठी चूक 'हॉलमार्क'ची होईल. लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये चांदीचा कस लावून मारलेला तो शिक्का. बोस्टनला अशी कस लावणारी कचेरीच नव्हती. सोनार आपल्या नावाचा किंवा आद्याक्षरांचा ठसा मारायचा, आणि गिऱ्हाईक त्याच्या शब्दावर विसंबायचं. म्हणून 'सोनाराचा ठसा'. भांड्यावर कधी तीन अक्षरं त्रिकोणात दिसतात, ती मालकाची : वर आडनाव, खाली नवरा-बायकोची आद्याक्षरं. आपण लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतो तसंच, तेव्हा 'नाव घातलेलं' हा आपला शब्दप्रयोग तिथे बिनधास्त वापरा.

रिव्हिअरने 1768 मध्ये घडवलेलं 'लिबर्टी बोल' मात्र वाटी नव्हे, वाडगा, 'पंच' नावाचं मद्यपेय प्यायचा. त्यावर पंधरा जणांची नावं कोरलेली आहेत. त्याचं वजन 45 औंस दिलेलं असतं, ते ट्रॉय औंस, म्हणजे प्रत्येकी 31.1 ग्रॅम. नेहमीचा 28 ग्रॅमचा औंस धरलात तर हिशेब चुकेल. तोळ्यांत सांगायचं तर बरोबर 120.