शाब्दिक विनोद कसा घडतो, याचा अभ्यास भाषाविज्ञान कोणत्या पद्धतीने करते?

विनोद चांगला की पाचकळ, हे भाषाविज्ञान ठरवत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ कसा फिरतो, एवढेच ते पाहते. भाषावैज्ञानिक व्हिक्टर रास्किन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार विनोदी मजकूर परिचित प्रसंगांच्या दोन परस्परविरोधी आराखड्यांशी एकाच वेळी, निदान अंशतः, जुळत असतो आणि कलाटणी आपल्याला एकातून दुसऱ्यात ढकलते.

एसटीत कंडक्टर विचारतो, "सुट्टे आहेत का?" प्रवासी "आहेत की!" म्हणतो आणि पाचशेची नोट पुढे करतो. येथे कंडक्टरचे वाक्य रूपाने चौकशीचे असले तरी हेतूने ती मागणी आहे, आणि प्रवासी हेतू ओळखूनही केवळ रूपाला उत्तर देतो. बोलणाऱ्याने संभाषणाच्या हेतूला साजेसे बोलावे, हे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांचे संभाषणातील सहकार्याचे तत्त्व त्याने मोडले, व्याकरण मात्र शाबूत ठेवले. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

पुढे १९९१ मध्ये साल्वातोरे अत्तार्दो आणि रास्किन यांनी विनोदाचे लक्ष्य, कथनाची रीत, शब्दयोजना असे घटकही विचारात घेतले. मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे कलाटणी अखेरच्या शब्दापर्यंत रोखून धरता येते, हे अभ्यासताना जरूर तपासावे.